कोटीची सेडान, खान्देशचा रस्ता : पहिल्यांदाच घेणाऱ्यासाठी पायरीपायरीने

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला जाणकार आधी घोड्यावरचा साज उतरवायला लावतो. मग तो घोडा चालवून बघतो, पळवून बघतो, खूर उचलतो, दात मोजतो. भावाची गोष्ट सगळ्यात शेवटी निघते. दीड-दोन कोटींची गाडी घेताना मात्र हाच माणूस शोरूमच्या थंडगार एसीत दहा मिनिटं बसतो, मऊ चामड्यावरून हात फिरवतो, चहा घेतो आणि टोकन देऊन मोकळा होतो. आमच्याच नात्यागोत्यात हे तीनदा माझ्या डोळ्यांदेखत झालंय. त्यातले दोघं आज समाधानी आहेत. तिसऱ्याची गाडी वर्षातले बरेच दिवस कापडाखाली उभी असते.

म्हणून हा लेख. फॉर्च्युनर किंवा इनोव्हा वापरून झाली, केळी, कापूस, सोनं किंवा कारखान्यात बरकत आली, आणि आता मर्सिडीज एस-क्लास, बीएमडब्ल्यू ७ सिरीज, ऑडी ए८ एल या पंगतीत पहिल्यांदाच बसायचंय, अशा माणसासाठी. माझं मत आधीच सांगून टाकतो. या गाड्या जगात कुठल्याही कसोटीला उतरल्या तरी आपल्याला त्या आपल्या तीन कसोट्यांवर तपासायच्या आहेत : आपला रस्ता, आपलं ऊन, आणि आपल्या घरापासून अधिकृत वर्कशॉपचं अंतर. कागदावरचे आकडे त्यानंतर.

आधी ठरवा : मागे कोण बसणार?

या गाड्या मुळात मागच्या डाव्या सीटवर बसणाऱ्या माणसासाठी बनतात. पुढची डावी सीट पार पुढे सरकते, मागची सीट जवळजवळ आरामखुर्चीसारखी मागे रेलते, पोटऱ्यांना आधार वर येतो. तुम्ही स्वतः गाडी चालवणार आणि घरचे फक्त अखाजीला (अक्षय्य तृतीयेला), लग्नकार्याला मागे बसणार असतील, तर एक पायरी खालची सेडान किंवा मोठी एसयूव्ही तुम्हाला जास्त उपयोगी पडेल. हे ऐकायला कुणाला आवडत नाही, पण ते खरं आहे.

घरात म्हातारं माणूस असेल तर त्यांना घेऊन जाच. आमच्या नात्यातल्या एका जिभाऊंना आम्ही एका गाडीत बसवलं. सगळं आवडलं त्यांना, पण उतरताना म्हणाले, "गाडी भारी शे भो, पन उतरतांना गुडघा बोलस." त्या एका वाक्यावर ती गाडी यादीतून गेली. सेडानची सीट एसयूव्हीपेक्षा बरीच खाली असते. गुडघेदुखीच्या माणसाला बसताना अंग खाली सोडावं लागतं आणि उतरताना उचलावं लागतं. सीट किती वर येते, दार किती उघडतं, हाताला धरायला काय आहे, हे त्यांच्याच अंगाने तपासा. नऊवारी नेसणारी आजी असेल तर तिला दोनदा बसवून उतरवून बघा.

गाड्यांची ओळख

यादी छोटीच आहे. आत्ताच्या पिढीची एस-क्लास जगात सप्टेंबर २०२० मध्ये आली आणि भारतात जून २०२१ मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून चाकणच्या कारखान्यात तिची जोडणी सुरू झाली आणि सुरुवातीची किंमत २.१७ कोटींवरून १.५७ कोटींपर्यंत खाली आली. लांबी ५,२८९ मिलिमीटर, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ३,२१६ मिलिमीटर. त्या वेळी एस ३५० डी हे डिझेल २८६ अश्वशक्तीचं आणि ६०० न्यूटन मीटर टॉर्कचं (टॉर्क म्हणजे चाक फिरवणारा जोर), तर एस ४५० हे पेट्रोल ३६७ अश्वशक्तीचं होतं. दोन्हींत तीन लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं इंजिन.

बीएमडब्ल्यूची नवी ७ सिरीज जानेवारी २०२३ मध्ये भारतात आली, तिची जोडणी चेन्नईत होते. लांबी ५,३९१ मिलिमीटर, म्हणजे एस-क्लासपेक्षा दहा सेंटीमीटर जास्त. ७४०आय हे पेट्रोल ३८० अश्वशक्तीचं, येताना किंमत १.७० कोटी. नंतर आलेलं ७४०डी हे डिझेल २८६ अश्वशक्तीचं आणि ६५० न्यूटन मीटर टॉर्कचं, किंमत १.८१ कोटी. याच अंगाची विजेवरची गाडी म्हणजे आय७ : ५४४ अश्वशक्ती, १०१.७ किलोवॅट-तासांची बॅटरी, येताना १.९५ कोटी.

ऑडी ए८ एलचं सुधारित रूप जुलै २०२२ मध्ये १.२९ कोटींपासून आलं. तीन लिटरचं व्ही६ पेट्रोल, ३४० अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद. मागच्या सीटवर तळपायांना मालिश करणारी सोय तिच्यात होती. ही गाडी पूर्ण तयार होऊन परदेशातून येते, आणि त्याचा परिणाम करावर होतो, तो पुढे बघू. लेक्सस एलएस ही हायब्रिड आणि फार शांत गाडी, पण खान्देशातून तिच्या सेवाकेंद्रापर्यंतचं अंतर बघता मी ती पहिल्या खरेदीसाठी सुचवत नाही.

वरच्या सगळ्या किमती त्या त्या वेळच्या एक्स-शोरूम, म्हणजे रस्ता कर आणि विमा न धरता आहेत. त्यानंतर त्या वरखाली झाल्या, शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. तेव्हा आजचा भाव लेखी मागा.

फाटक मोजा

टेप घ्या आणि घराचं फाटक, वळण, पोर्च मोजा. ७ सिरीज १७.७ फूट लांब आहे आणि आरसे उघडे असताना सात फुटांहून जास्त जागा खाते. जुन्या गावातल्या गल्लीतला वाडा असेल किंवा सराफ बाजारात रोज दुकानापर्यंत गाडी न्यायची असेल, तर विक्रेत्याला गाडी तिथेच आणायला सांगा. या किमतीच्या गाहकाच्या दारी गाडी आणायला बहुतेक जण तयार असतात. पोर्चचा चढ रस्त्याला जिथे मिळतो तिथे गाडीचं पोट घासतं का, ते वाकून बघा.

ट्रायल : शोरूमभोवतीची फेरी नको

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. चौकातून वळून परत येणारी पंधरा मिनिटांची फेरी काहीच सांगत नाही. निदान दोन तास मागा, आणि त्यातला सव्वा तास मागे बसा. तुमचा ड्रायव्हर सोबत असू द्या, कारण उद्या गाडी तोच चालवणार आहे.

वेळ दुपारची घ्या. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो. जर्मनीत आखलेल्या गाडीची खरी परीक्षा तीच. गाडी तासभर उन्हात उभी करायला लावा, मग मागे बसा आणि मोबाइलवर वेळ लावा. मागच्या जाळ्यांतून थंड हवा किती मिनिटांत येते? पाठीखालचं चामडं किती वेळ तापलेलं राहतं? सीटमधून हवा खेळवणारी सोय मागच्या सीटलाही आहे की फक्त पुढच्या? हा शेवटचा प्रश्न नक्की विचारा, कारण तो मॉडेलगणिक बदलतो. काचेचं मोठं छत रात्री छान दिसतं, पण वैशाखातल्या दुपारी त्याचा पडदा बंद असतानाही डोक्यावर धग लागते का, ते डोक्यावर हात धरून बघा. आतलं चामडं काळं घेण्यापेक्षा फिकं किंवा तपकिरी घ्या. धूळ जास्त दिसेल, पण बसताना चटका बसणार नाही.

काळी फिल्म नंतर लावून घेऊ, असा विचार करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच तिच्यावर बंदी घातली, आणि इतक्या मोठ्या गाडीवर पोलिसांची नजर आधी जाते. कारखान्यातूनच आलेले मागच्या काचांचे पडदे असलेलं मॉडेल निवडा.

रस्ता कुठला घ्यायचा? जळगावकरांनी पाळधी, एरंडोल, पारोळा या बाजूला राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जावं. चौपदरीवर गाडीचा सरळ धावण्याचा स्वभाव कळतो आणि ताशी १०० ला आत वाऱ्याचा, टायरचा आवाज किती येतो ते ऐकू येतं. मागे बसून शेजारच्याशी हळू आवाजात बोला. आवाज चढवावा लागला, तर ही गाडी तिचं मूळ काम करत नाही असं समजा. मग महामार्ग सोडून एखाद्या गावाच्या रस्त्याला लागा. खड्डे, शेणखताच्या ट्रॅक्टरांनी उखडलेल्या कडा, रंग न मारलेले गतिरोधक, सगळं तिथे मिळतं. चाळीसगावकरांना कन्नडचा औट्रम घाट आहे, धुळेकरांना लळिंग, शहादा-नंदुरबारकरांना तोरणमाळची वळणं. घाटात मागे बसलेल्याचं डोकं किती हलतं, पोटात ढवळतं का, हे बघायला याहून चांगली जागा नाही.

माझा अनुभव असा की एस-क्लास गतिरोधकावरून जाताना झोपलेल्या माणसाला उठवत नाही. ७ सिरीज तेवढीच आरामदायी आहे, पण वळणावर ती जास्त घट्ट, जास्त जागी वाटते. चालवणाऱ्याला ती आवडते. ए८ एल या दोघींच्या मध्ये कुठेतरी बसते आणि आतून सगळ्यात साधी, नीटनेटकी वाटते. मागे बसूनच फिरणाऱ्याला मी एस-क्लास सांगतो, रविवारी स्वतः चाक हातात घेणाऱ्याला ७ सिरीज.

७ सिरीजमध्ये छतातून खाली येणारा ३१.३ इंची पडदा मुलांना वेड लावतो. तो खाली असताना मात्र ड्रायव्हरला आतल्या आरशातून मागचं दिसत नाही. केळीच्या ट्रकांच्या रस्त्यावर तो वर ठेवायची सवय लावा.

ताकद : आकडा कुठला बघायचा

शून्य ते शंभर किती सेकंदांत, हा आकडा सगळे विचारतात. ७४०आय साडेपाच सेकंदांच्या आत, एस ३५० डी साडेसहाच्या आत, आय७ पाचच्याही आत. खान्देशात रोज कामाला येतो तो दुसराच आकडा : साठवरून शंभर. एकेरी रस्त्यावर कापसाने फुगलेल्या ट्रकच्या मागे तुम्ही साठने चाललाय, समोर मोकळं दिसलं, आणि ओव्हरटेक करायचंय. तिथे अश्वशक्तीपेक्षा टॉर्क जास्त कामाचा. ६०० आणि ६५० न्यूटन मीटरची डिझेल गाडी इंजिन न ओरडता पुढे निघून जाते. पेट्रोल गाडी गिअर खाली टाकते, थोडा आवाज करते आणि मग तीही जातेच. पेट्रोलची गोडी शहरात, उभ्या गाडीत आणि सकाळच्या थंड इंजिनात जाणवते.

वरच्या वेगाचा विचार सोडून द्या. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, तिथेही मोटारीला मर्यादा ताशी १२० चीच आहे. या गाड्यांना तिथे धापही लागत नाही.

डिझेल घेणार असाल तर दोन गोष्टी ड्रायव्हरला समजावून सांगा. बीएस-६ (धुराच्या सरकारी निकषातल्या) डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वीस-पंचवीस मिनिटं महामार्गावर चालावी लागते. नुसती घर ते दुकान, दुकान ते घर चालली तर दिवा लागतो. दुसरं, अ‍ॅडब्लू नावाचं द्रावण वेगळ्या टाकीत भरावं लागतं. ते संपत आल्याचा इशारा गाडी बऱ्याच आधीपासून देते. तो दुर्लक्षून टाकी पार रिकामी झाली, तर एकदा बंद केलेली गाडी पुन्हा चालू होत नाही. एक डबा घरी ठेवा.

विजेवरची घ्यावी का?

आय७ किंवा चाकणलाच जोडली जाणारी मर्सिडीज ईक्यूएस मागे बसून अनुभवा. इंजिनच नसल्याने शांतता अशी की स्वतःचा श्वास ऐकू यावा. पण हिशेब मांडा. आय७ ला युरोपातल्या चाचणीत एका चार्जला सहाशेच्या आसपास किलोमीटर मिळतात. भर उन्हाळ्यात, एसी पूर्ण लावून, शंभरच्या वेगाने त्याचे दोन-तृतीयांश धरून चाला, म्हणजे चारशे. जळगाव ते पुणे साधारण तेवढंच आहे. म्हणजे वाटेत एकदा थांबणं आलं.

६० किलोवॅटच्या चार्जरवर १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर यायला सव्वा तास, ३० च्या चार्जरवर अडीच तास. घरी ११ किलोवॅटची पेटी बसवली तर रिकामी बॅटरी भरायला दहा तास, आणि त्यासाठी थ्री-फेज जोडणी व पुरेसा मंजूर भार लागतो. महावितरणकडे आधी अर्ज करा, गाडी नंतर बुक करा. तालुक्याच्या गावी रात्री वीज जात असेल तर तोही हिशेब धरा. तुमचा फेरा जळगाव-धुळे-शिरपूर असा दीडशे-दोनशे किलोमीटरचा असेल आणि लांबच्या प्रवासाला घरात दुसरी गाडी असेल, तर विजेवरची गाडी माझ्या मते सगळ्यात उत्तम. एकच गाडी ठेवायची असेल तर अजून थोडं थांबा.

टायर, आणि हवेवर तोललेली गाडी

टायरच्या बाजूला २५५/४५ आर १९ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची उंची, तिसरा रिमचा व्यास इंचात. २५५ चे ४५ टक्के म्हणजे ११५ मिलिमीटर रबर रिम आणि खड्ड्याच्या मध्ये आहे. तीच गाडी २१ इंची रिमवर ३५ टक्क्यांच्या टायरसह घेतली तर रबर उरतं ८९ मिलिमीटर. एक इंच रबर कमी झालं, आणि आपल्याकडचा खड्डा तेवढ्यावरच रिम वाकवतो किंवा टायरच्या भिंतीला फुगा आणतो. मोठं रिम फोटोत देखणं दिसतं हे मान्य. तरी १९ इंचीच मागा. मिळत नसेल तर त्या मॉडेलला बसेल ते सगळ्यात लहान रिम मागा. विम्यात टायर आणि रिमचं वेगळं संरक्षण घ्या.

डिकी उघडून स्टेपनी बघा. पूर्ण चाक आहे, बारीक तात्पुरतं चाक आहे, पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे टायर आहेत, की नुसता पंप आणि डिंकाची बाटली? टायरची भिंत फाटली तर त्या बाटलीचा काही उपयोग नाही. आणि धडगावच्या रस्त्यावर रात्री साडेनऊला या मापाचा टायर कुणाकडेही मिळणार नाही.

आता सस्पेन्शन. या गाड्या लोखंडी स्प्रिंगवर नसून रबराच्या फुग्यांवर तोललेल्या असतात. छोटा कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो, प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर उंची मोजतो. पाच माणसं बसली तरी गाडी दबत नाही, ती पातळी राखते. बटण दाबलं की दोन-तीन सेंटीमीटर वर उचलली जाते. चाकांमधलं अंतर सव्वातीन मीटर असल्याने उंच गतिरोधकावर मधलं पोट घासण्याची भीती असते, तिथे हे बटण कामाला येतं. ड्रायव्हरला ते गतिरोधकाच्या आधी दाबायला शिकवा, कारण उचलायला काही सेकंद लागतात.

हाच सगळ्यात नाजूक भागही आहे. ऊन, धूळ आणि वय यांनी रबर चिरतं, हवा गळते, कॉम्प्रेसर सारखा चालून थकतो. आमच्या एका नातेवाइकाच्या सहा वर्षं जुन्या गाडीचं मागचं एक अंग चोपड्याजवळ एका सकाळी खाली बसलेलं आढळलं. कंपनीचं नाव सांगत नाही, हे कुणाच्याही गाडीत होऊ शकतं. चूक आमचीही होती. आदल्या आठवडाभर सकाळी गाडी थोडी तिरकी दिसत होती आणि आम्ही तिकडे लक्ष दिलं नाही. स्थानिक गॅरेजवाला भला माणूस, पण त्याच्याकडे ना सुटा भाग, ना तपासायचं यंत्र. उचलून नेणारं सपाट पाटीचं वाहन नाशिकहून यायला अर्धा दिवस गेला, भाग यायला आठ-नऊ दिवस. त्यात गाडी चाकं ओढत नेली असती तर आणखी नुकसान झालं असतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच सांगतो : रोज सकाळी चारही चाकांवरची पोकळी नजरेने बघायची. एका बाजूला बोटभर कमी दिसली की त्याच दिवशी फोन.

म्हणूनच वर्कशॉपचं अंतर. धुळ्याहून नाशिक साधारण १६० किलोमीटर, जळगावहून छत्रपती संभाजीनगरही तेवढंच, नंदुरबारहून सुरत तेवढंच. तुम्ही ज्या कंपनीची गाडी घेताय तिचं अधिकृत वर्कशॉप यांपैकी नेमकं कुठे आहे, तिथे या मॉडेलवर काम करणारा प्रशिक्षित माणूस कायम असतो की पुण्याहून येतो, आणि रस्त्यात गाडी बंद पडली तर उचलून नेण्याचा खर्च किती किलोमीटरपर्यंत फुकट, हे तीन प्रश्न लेखी विचारा. दोन गाड्यांत मन अडकलं असेल तर ज्या कंपनीचं वर्कशॉप जवळ, ती घ्या. इतर फरक यापुढे लहान आहेत.

पैशांचा हिशेब

एक्स-शोरूम किमतीवर राज्याचा एकरकमी रस्ता कर लागतो. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के, डिझेलला १५ टक्के. गाडी कंपनीच्या नावावर असेल किंवा आयात केलेली असेल तर २० टक्के. कराची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाखांवर गेली. आकडे घालून बघा : १.७० कोटींची पेट्रोल गाडी स्वतःच्या नावावर घेतली तर कर २२ लाख १० हजार. तीच प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर घेतली तर २० टक्क्यांनी ३४ लाख होतात, म्हणजे मर्यादेमुळे ३० लाख. जवळपास आठ लाखांचा फरक फक्त नावामुळे.

कंपनीच्या नावावर घेतल्यास घसारा दाखवता येतो, हा त्यातला फायदा. पण साध्या धंद्यासाठी घेतलेल्या मोटारीवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. "जीएसटी परत मिळेल" असं कुणी सांगत असेल तर आधी तुमच्या सीएला फोन लावा. दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ घेतलेला प्राप्तिकर) कापला जातो. तो खर्च नाही, प्राप्तिकरात वळता होतो, पण गाडी घेताना रक्कम हातात लागते.

जीएसटी मोठ्या इंजिनगाड्यांवर आता सरळ ४० टक्के आहे, आधी अधिभार धरून ४८ होता. वीजगाड्यांवर ५ टक्केच. ३० लाखांवरच्या वीजगाड्यांवर ६ टक्के रस्ता कर लावायचा प्रस्ताव मार्च २०२५ मध्ये आला होता, तो सरकारने मागे घेतला. तरी बुकिंगच्या आठवड्यात आरटीओत जाऊन त्या दिवशीचा दर विचारा.

आता घसरण. विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवताना जे कोष्टक वापरतात त्यात एक वर्ष झाल्यावर २० टक्के, दोन वर्षांनंतर ३०, तीन वर्षांनंतर ४०, आणि पाच वर्षं भरेपर्यंत निम्मी किंमत वजा होते. बाजारात विकायला गेलात तर याहूनही कमी ऐकायची तयारी ठेवा, कारण आपल्या भागात या गाडीला गाहक मोजके. सोनं घेतल्यासारखं हे घेऊ नका. गाडी हा खर्च आहे, आनंदाचा खर्च.

विम्यात झिरो डेप्रिसिएशन (सुट्या भागांची घसरण न कापता भरपाई), इंजिनमध्ये पाणी जाण्याचं संरक्षण आणि गाडी पूर्ण गेल्यास बिलाची रक्कम मिळण्याची सोय, एवढ्या तीन गोष्टी घ्याच. पावसाळ्यात नाल्याच्या फरशीवरून पाणी वाहत असेल तर गाडी थांबवायची, हे विम्याच्या भरवशावर न सोडता ड्रायव्हरला बजावून ठेवा. वाढीव वॉरंटी पहिल्या दिवशीच घ्या, आणि हवेचं सस्पेन्शन तिच्यात मोडतं का ते कलम बोट ठेवून वाचा.

जुनी घेतली तर?

दोन-तीन वर्षांची, कंपनीच्याच अधिकृत जुन्या गाड्यांच्या दालनातली, वॉरंटी शिल्लक असलेली एस-क्लास किंवा ए८ एल हा माझ्या मते सगळ्यात शहाणा सौदा आहे. पहिल्या मालकाने मोठी घसरण सोसलेली असते. दिल्लीच्या स्वस्त डिझेल गाड्यांपासून मात्र जपून. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी आल्यापासून वय होत आलेल्या गाड्या कमी भावात बाहेर पडतात. त्या घ्यायच्या तर तिकडची एनओसी, इकडचा कर, एमएच १९, १८ किंवा ३९ ची नवी नोंदणी, असा सगळा फेरा आणि त्याचा खर्च आधी मोजा. सर्व्हिसचा पूर्ण इतिहास चॅसिस नंबरावरून अधिकृत वर्कशॉपमधून काढून घ्या. रात्री गाडी उभी करायला सांगा आणि सकाळी मालक चालू करण्याआधी पोहोचा. रात्रभरात ती एका बाजूला बसली असेल, तर सस्पेन्शनचा खर्च भावातून वजा करा किंवा सरळ परत या.

ताबा घेताना

अखाजीच्या मुहूर्तावर गाडी हवी असेल तर तपासणी आधीच्या आठवड्यात, आरटीओची नोंदणी होण्यापूर्वी करा. नोंदणी झाल्यावर गाडी तुमची, तिचे ओरखडेही तुमचे. दिवसाच्या उजेडात जा, सावलीतल्या ट्यूबलाइटखाली रंगाचा फरक दिसत नाही. टायरवर चार आकडे कोरलेले असतात : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते चारही टायरवर आणि स्टेपनीवर जुळतात का बघा. चॅसिस नंबर बिलाशी पडताळा. मागच्या दोन्ही सीटांची प्रत्येक हालचाल, मालिश, पडदे, दारातले स्पर्शाचे बटण, मागचा एसी, सगळं एकेकदा चालवा. गाडी सगळ्यात खाली आणि सगळ्यात वर नेऊन चारही बाजूंनी पोकळी मोजा.

त्या दिवशी ड्रायव्हरला सोबत न्याच. शोरूमचा माणूस मालकाला दीड तास समजावतो आणि चावी मात्र ड्रायव्हरच्या हाती जाते. त्याला स्वतः प्रश्न विचारू द्या, सस्पेन्शनचं बटण त्यालाच दाबू द्या, रस्त्यावरच्या मदतीचा नंबर त्याच्या फोनमध्ये भरून द्या. मग चाकाखाली लिंबू ठेवा.